पुंगळीची साक्ष

माणूस खोटे बोलतो, वस्तू खोटे बोलत नाही, अशी एक समजूत आम्हा वकील मंडळींत फार जुनी आहे. साक्षीदार फुटतो, विसरतो, घाबरतो, नात्यागोत्यापायी शब्द फिरवतो; पण दस्तावरचा अंगठा, कुऱ्हाडीचे पाते, सदऱ्यावरचा डाग यांना ना भीड ना भाऊबंदकी. या समजुतीवर आम्ही स्वतः वीस वर्षे पोट भरले आहे, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला कितपत पोचतो, हा प्रश्नच आहे. तथापि गेल्या पावसाळ्यात चार रिकाम्या पुंगळ्या आमच्या हाती आल्या आणि या समजुतीकडे पुन्हा एकदा नीट पाहणे भाग पडले.

खानापूर तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून, आमच्या वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा डोंगराच्या धारेवर आहे. तेथे काजूची रोपे लावण्यासाठी खड्डे घेत असता गड्याच्या कुदळीला वीतभर खोलीवर पितळेचे काही लागले. चार पुंगळ्या होत्या, सर्व एका हाताच्या अंतरात, हिरवा कळंक चढलेल्या. गड्याने त्या धुऊन घरी आणून दिल्या. दुसऱ्या कोणाच्या घरी त्या फडताळात पडून राहिल्या असत्या. आमच्या घरी त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीची एक रात्र उकरून काढली.

आमच्या आजोबांचे एक धाकटे भाऊ होते. १९५५ साली त्यांचे वय बावीस. सीमेपलीकडे निरोप आणि पत्रके पोचवणाऱ्या मुलांत ते होते, असे घरात सांगत. त्या वर्षीच्या श्रावणातील एका रात्री ते घरातून निघाले आणि परतले नाहीत. धारेच्या बाजूने दोन-तीन बार ऐकू आले, असे वाडीतली माणसे पुढे कित्येक वर्षे सांगत राहिली. प्रेत मिळाले नाही, नोंद सापडली नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या व वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्या हुतात्म्यांचे स्मरण आजही होते आणि ते योग्यच आहे. आमच्या या आजोबांचे नाव मात्र कोणत्याही यादीत नाही. ते मारले गेले, की वाट चुकून कड्यावरून पडले, की आणखी कोठे निघून गेले, हे कोणालाच ठाऊक नाही.

त्यांची सर्वांत धाकटी बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती. आज तिने ऐंशी ओलांडली आहे. नात्याने ती आमच्या वडिलांची आत्या; पण घरातल्या तीन पिढ्या तिला आतेच म्हणतात. तिला सत्तरीत दिली, आणि साठ वर्षांच्या संसारात तिची मराठी कोकणीत विरघळून गेली. पुंगळ्या सापडल्याचे कळताच ती नातवाला घेऊन गाडीने आली, चारी पुंगळ्या ओटीत घेऊन बराच वेळ बसली, त्यांतली एक पदराला बांधली आणि उरलेल्या तीन आमच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, “हें कोणाचें? तूं वकील न्हय? सोदून काड.” तिने नेलेली पुंगळी तिच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी बसली, हे आम्हाला मागाहून कळले.

आता ही शोधून काढण्याची विद्या म्हटली तर फार अवघड नाही. प्रथम पाहायचे ते पुंगळीचे बूड. त्याच्या मध्यभागी टोपी असते. तिच्यावर बंदुकीच्या टाचणीचा खळगा पडलेला असला तर काडतूस उडालेले आहे. टोपी कोरी असेल आणि तोंडाशी गोळी बसलेली असेल तर विद्या तेथेच संपते. हात न लावता पोलिसांना कळवावे हे उत्तम. आमच्या तिन्ही पुंगळ्यांना खळगे होते.

यानंतर बुडाची कड. इंग्रजांच्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. बोटाने चाचपली तरी कळते. माउझर जातीच्या काडतुसाला अशी कड नसते. तेथे कडेच्या वर एक खाच कोरलेली असते, आणि झाडलेली पुंगळी ओढून बाहेर काढणारी आकडी त्या खाचेत शिरते. लांबीवरून मात्र फसगत होते. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी सुमारे ५६ मिलिमीटर, तर जर्मन पद्धतीच्या ७.९२ माउझरची ५७; चिखलात मुरलेल्या, तोंड चेपलेल्या पुंगळीत हा फरक कोणी मोजावा? मोजायचे तर तोंडाचा व्यास मोजावा, नाही तर सरळ कड पाहावी. त्या काळी पोर्तुगालच्या सैन्याची नेहमीची रायफल ७.९२ ची माउझर होती. तिच्या काडतुसांवर त्यांच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची एफ, एन, एम ही अक्षरे आढळतात. आमच्या पुंगळ्यांना कड होती. पण एवढ्यावरून त्या पोर्तुगिजांच्या नव्हेत असे म्हणता येईना. कारण पहिल्या महायुद्धात फ्लँडर्समध्ये लढायला गेलेल्या पोर्तुगीज पलटणींच्या हाती इंग्रजांच्याच ली-एनफिल्ड रायफली होत्या, आणि बंदूक एकदा देशात आली की ती लवकर मरत नाही.

ग्वाल्हेरच्या वाचकांना येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई जेथे पडल्या त्या परिसराची माती कोणी चाळली, तर तिच्यात शिशाच्या गोळ्या मिळू शकतील. पण त्या वेळच्या एनफिल्डची पुंगळी मिळणार नाही, कारण तिला पुंगळीच नव्हती. ते काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. धातूची पुंगळी इंग्रजांच्या फौजेत आली ती पुढल्या दशकात, स्नायडर रायफलीबरोबर. आमच्या इतिहासात ज्या काडतुसाने सर्वांत मोठी खळबळ केली ते असे मातीत विरून गेले आहे, आणि ज्यांच्याविषयी कोणी एक ओळ लिहिली नाही अशी काडतुसे पितळेची म्हणून टिकून आहेत.

चौथी आणि खरी खूण म्हणजे बुडावरचा ठसा. कारखाना, साल, काडतुसाचा प्रकार ही सारी त्या टीचभर वर्तुळात कोरलेली असतात. येथे आमच्या हातून एक आगळीक झाली. जाणकार सांगतात की जुनी पुंगळी घासू नये. घासण्याने कळंकाबरोबर अक्षरही जाते, आणि टाचणीच्या खळग्यातील बारीक रेघा, ज्यांवरून एकाच बंदुकीतून सुटलेली काडतुसे ताडता येतात, त्या कायमच्या पुसल्या जातात. हे वाचण्यापूर्वीच आम्ही एक पुंगळी स्वयंपाकघरातील तांब्याच्या घागरीप्रमाणे चिंचेने लख्ख केली होती. दुसरी मात्र पाण्यात भिजवून, जुन्या दातघाशीने, धीराने उघडली. प्रथम दोन अक्षरे दिसली: के आणि एफ. सालाच्या जागी अजून हिरवा थर होता.

के आणि एफ म्हणजे खडकीचा कारखाना. पुण्याजवळचा हा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. इंग्रज गेल्यावर तो भारत सरकारकडे आला आणि थ्री-नॉट-थ्री तेथे पुढेही कित्येक वर्षे बनत राहिले. दिव्याखाली भिंग धरून ती दोन अक्षरे वाचताना आमच्या अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे. सत्तर वर्षे घराने धरून ठेवलेली समजूत अशी की मारणारा पलीकडचा होता. आणि धारेवर सापडलेले काडतूस अलीकडचे, आपल्याच सरकारच्या कारखान्यातले. अंधारात, पावसात, सीमा ओलांडणारा तरुण पाहून आपल्याच एखाद्या पहारेकऱ्याने बार काढला असेल काय? त्या रात्री आम्ही जागे राहिलो. आतेला हे कोणत्या तोंडाने सांगावे, असा विचार मनात घोळत होता.

पण सकाळी वकिली डोके ताळ्यावर आले. खडकीचा ठसा सांगतो तो एवढेच, की हे पितळ खडकीत घडले. ते कोणाच्या पट्ट्यात गेले, चोरीला गेले की विकले गेले, आणि शेवटी कोणाच्या बोटाने सुटले, हे त्या ठशात नाही. घडवणाऱ्याची ओळख म्हणजे मारणाऱ्याची ओळख नव्हे. हे वाक्य लिहिताना सोपे वाटते. पण ते न कळल्याने किंवा मुद्दाम न कळल्यासारखे केल्याने केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण कातीनचे आहे.

रशियातील स्मोलेन्स्कजवळच्या कातीनच्या जंगलात, एप्रिल १९४३ मध्ये, हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते जर्मनांना सामुदायिक खड्ड्यांत सापडली. हे कृत्य सोव्हिएत गुप्त पोलिसांनी १९४० च्या वसंतात केले, असे जर्मनीने १३ एप्रिलला जगजाहीर केले. अडचण अशी की खड्ड्यांत सापडलेल्या पुंगळ्या जर्मन होत्या. रायफलीच्या नव्हत्या, ७.६५ च्या पिस्तुलाच्या होत्या. त्यांवर डुर्लाख येथील गेनशो कंपनीचा ‘गेको’ हा ठसा स्पष्ट होता. खुद्द गोबेल्सने आपल्या रोजनिशीत याविषयी चिंता व्यक्त केली आहे. वास्तविक त्या कंपनीचा माल १९२० च्या दशकात पूर्व युरोपात आणि सोव्हिएत संघातही विकला गेला होता. पण सोव्हिएत सरकारने १९४४ मध्ये आपला चौकशी आयोग बसवून जर्मनांनाच दोषी ठरवले, आणि जर्मन पुंगळी हा त्या बाजूचा सोयीचा पुरावा होऊन बसला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात हा आरोप मांडला गेला आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही न करता तो गळला. शेवटी १३ एप्रिल १९९० रोजी मॉस्कोने आपल्याच गुप्त पोलिसांचे हे कृत्य असल्याची कबुली दिली. मारले गेलेले पोलिश बंदी, सर्व ठिकाणचे मिळून, सुमारे २२,००० होते. त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी जवळजवळ पन्नास वर्षे खरे काय ते मनात धरले आणि उघड बोलण्याची सोय नसल्याने गिळले. पुंगळी या सर्व काळात खरेच बोलत होती. “मी जर्मनीत घडले,” एवढेच ती म्हणत होती. पुढचे वाक्य माणसांनी तिच्या तोंडी घातले.

तेव्हा वस्तू खोटे बोलत नाही, ही आमची समजूत खरीच आहे. फक्त ती जेवढे बोलते त्यापुढे आम्ही थांबत नाही. जुन्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात तज्ज्ञाचे मत ४५ व्या कलमाने ग्राह्य धरले होते. १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला तरी तत्त्व तेच राहिले. मत ग्राह्य आहे. ते निर्णय नव्हे. निर्णय करण्याचे ओझे माणसावरच आहे. हे ओझे टाळता यावे म्हणून आपण वस्तूच्या मागे लपतो, असा आमचा तर्क आहे. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणजे चूक झाल्यास ती आपली. पितळावर विश्वास ठेवला तर चूक कोणाचीच नाही.

चार-पाच दिवस भिजल्यावर सालाचा थर सुटला. पाच आणि सात. चिंचेने घासलेल्या पुंगळीवरही, आता कोठे पाहायचे हे कळल्यावर, तेच आकडे तिरप्या उजेडात दिसले. तिसरीचे बूड इतके खाल्लेले होते की काही वाचता आले नाही.

सत्तावन. १९५७ मध्ये घडलेले काडतूस १९५५ मध्ये उडू शकत नाही. पुंगळीचे साल ही खालची मर्यादा. त्यापूर्वी नाही, त्यानंतर केव्हाही. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात शिरण्यासाठी बेळगावच्या परिसरात मोठी फौज जमली होती आणि भारतीय सैन्याच्या हाती तेव्हा थ्री-नॉट-थ्रीच होती, हे खरे. पण त्या पुंगळ्या त्या वेळच्या, की त्यानंतर रानडुकरामागे निघालेल्या कोणाच्या, हे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. आपल्याच पहारेकऱ्याची भीती संपली. आणि तिच्याबरोबर आतेच्या देव्हाऱ्यातील पुंगळीचा अर्थही संपला.

सांगावे की न सांगावे? घरात दोन पक्ष पडले. ऐंशी वर्षांच्या बाईला सत्तर वर्षांनी भावाचे काही मिळाले आहे, ते काढून घेऊन तुम्ही काय मिळवणार, असे आमच्या पत्नीचे म्हणणे. वडील काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेही तिकडचेच. आम्हाला ते पटत होते आणि तरी टोचत होते. आतेने आमच्याकडे सांत्वन मागितले नव्हते. तिने प्रश्न विचारला होता. मोठ्या माणसाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर न देता गोड समजूत देणे, यात दया आहे तशी एक तुच्छताही आहे. दुसरीकडे असेही मनात येई की सत्याचा हा आग्रह तिच्यासाठी आहे, की आमचे भिंग वाया जाऊ नये म्हणून?

या दिवसांत आम्ही जालियनवाला बागेची हकीकत पुन्हा वाचली. तारीख पुन्हा १३ एप्रिलच. हा केवळ योगायोग. १९१९ च्या त्या संध्याकाळी जनरल डायरने पन्नास रायफलधाऱ्यांकडून सुमारे दहा मिनिटे गोळीबार करवला. किती गोळ्या सुटल्या? १,६५०. हा आकडा शिपायांनी गोळा केलेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून काढला, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे माणशी तेहतीस. आणि माणसे किती मेली? ते त्या दिवशी कोणी मोजले नाही. सूर्य मावळत होता, फौज निघून गेली, संचारबंदी लागली, जखमी रात्रभर तेथेच पडून राहिले. सरकारने मृतांची चौकशी कित्येक महिन्यांनी केली आणि ३७९ हा आकडा दिला. काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज हजाराच्या घरातला होता. आज शंभरांहून अधिक वर्षे झाली, १,६५० या आकड्याविषयी वाद नाही. माणसांच्या आकड्याविषयी तो अजून मिटलेला नाही.

यात काही गूढ नाही. पितळ सरकारी मालमत्ता. रिकामी पुंगळी कोठारात परत करावी लागते, कमी भरली तर जाब द्यावा लागतो. माणसाविषयी असा जाब कोणाला द्यायचा नव्हता. तो विचारणारे मागून उभे राहिले, आणि आम्हाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की त्यांत आमच्या व्यवसायाची माणसे होती. हंटर समितीत सर चिमणलाल सेटलवाड यांनी डायरला प्रश्नामागून प्रश्न विचारून वदवून घेतले, की चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर बहुधा त्याने यांत्रिक बंदुकाही वापरल्या असत्या. काँग्रेसच्या समितीत गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्याबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकर होते आणि बडोद्याच्या न्यायासनावरून निवृत्त झालेले अब्बास तय्यबजीही होते. या मंडळींनी गावोगाव जाऊन माणसांच्या जबान्या घेतल्या. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोठे पडला, कोणी उचलला. पुंगळ्यांचा हिशेब त्यांच्या हाती आयता होता. तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

उलट उदाहरणही आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या काठी १८७६ मध्ये कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कापून काढली. जिंकलेल्यांपैकी अनेकांनी त्या लढाईचे वर्णन केले होते: शेवटी रांगा मोडल्या, गोंधळ झाला. शंभर वर्षे ते बहुतेकांनी बाजूला सारले, कारण सांगणारे ‘रानटी’ होते आणि शौर्याच्या अखेरच्या लढ्याचे चित्र गोड होते. १९८३ मध्ये गवताला वणवा लागून ते मैदान उघडे पडले, पुढल्या वर्षापासून संशोधकांनी धातुशोधक यंत्रे घेऊन प्रत्येक पुंगळीची जागा नकाशावर मांडली, टाचणीच्या खुणांवरून एकेका बंदुकीचा मैदानावरील प्रवास रेखला, आणि तो त्या जुन्या जबान्यांशी पुष्कळसा जुळला. येथे पुंगळीने उपकार केले, यात शंका नाही. पण आम्हाला अस्वस्थ करते ते हे, की जिवंत माणसांनी सांगितलेले खरे मानण्यासाठी पितळेची शिफारस लागली.

आणि अस्वस्थ का करते, तेही सांगून टाकावे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही जमिनीच्या एका दाव्यात एका म्हाताऱ्या धनगराची उलटतपासणी घेतली. कागद अमुक साली झाला, असे तो शपथेवर म्हणाला. स्टँपपेपरच्या पाठीवर विक्रीची तारीख दोन वर्षांनंतरची होती. आम्ही तो कागद त्याच्या डोळ्यांपुढे धरला, कोर्टात हशा पिकला, आणि त्याच्या जबानीतील उरलेले सर्व त्या हशाबरोबर वाहून गेले. दावा आम्ही जिंकला. म्हाताऱ्याचे साल चुकले होते. व्यवहार झाला होता, हे आमच्याच पक्षकाराने जिंकल्यानंतर चहा पिता पिता आम्हाला सांगितले. आम्ही चहा संपवला. त्याहून अधिक काही केले नाही.

म्हणून पाच आणि सात हे आकडे पाहताच आमच्या मनात जे पहिले वाक्य उमटले त्याची आम्हाला लाज वाटली. ते वाक्य असे: म्हणजे वाडीतल्या माणसांनी ऐकलेले बार ही दंतकथा. वस्तुतः पुंगळ्यांनी तसे काहीच म्हटले नव्हते. त्या दोन पुंगळ्या त्या रात्रीच्या नाहीत, इतकेच त्या म्हणत होत्या. त्या रात्री बार झाले की नाही, याविषयी त्या मूक होत्या. अकरा वर्षांच्या मुलीने दारात उभे राहून जे ऐकले ते जसेच्या तसे तेथेच होते.

शिवाय चौथी पुंगळी आम्ही पाहिली कोठे होती? एका हाताच्या अंतरात सापडली म्हणून ती याच दोघींची बहीण, असे मानण्याकडे मनाचा ओढा होता. कोर्टात दुसऱ्याने असे मानले असते तर आम्ही उठून हरकत घेतली असती.

नवरात्र आटोपल्यावर आम्ही सत्तरीत गेलो. आतेने पेज घातली, सुक्या बांगड्याचे तोंडीलावणे केले, आणि जेवण होईपर्यंत काही विचारले नाही. मग आम्ही सगळे सांगितले: खडकी, पाच आणि सात, खालची मर्यादा. देव्हाऱ्यातली पुंगळी पाहू देशील का, असे विचारले. तिने देवाला हात जोडले आणि ती काढून आणली. आम्ही भिंग काढून उजेडाकडे गेलो. आकडे स्वच्छ होते. तिने त्यांना कुंकू लावले होते.

“सत्तावन?” तिने विचारले. आम्ही हो म्हटले.

आम्हाला वाटले होते ती रडेल किंवा रागावेल. तिने पुंगळी हातात घेतली, कुंकू पदराने पुसले, आणि उरलेल्या तिघींच्या ओळीत ओटीवर ठेवली. ऐकलेल्या बारांविषयी तिला शंका आलेली दिसली नाही. ती आम्हालाच आली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मागीर ताची खंय आसा?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. धार मोठी आहे, आम्ही म्हटले. खड्डे घेतले ते एका कोपऱ्यात. ती वाट कोणत्या बाजूने उतरते, बार कोणत्या अंगाला झाले, हे तिने मग आम्हाला सांगायला सुरुवात केली. फणसाचे झाड, त्याखालचा झरा, वाडीतल्या कोणी कोठे उभे राहून ऐकले. ही माहिती तिला इतकी वर्षे कोणी विचारली नव्हती. आम्ही खिशातून कागद काढला आणि ती सांगेल तसे उतरून घेऊ लागलो, मध्ये न बोलता, साल न विचारता. तीन पाने झाली. शेवटी तिने आपले नाव सांगितले आणि ते खाली लिहायला लावले.

काजूचा हंगाम संपला की मला धारेवर ने, असे तिने निघताना बजावले आहे. गुडघे साथ देणार नाहीत, असे तिच्या नातवाचे मत आहे. गड्याशी बोलून आम्ही खुर्चीची सोय करून ठेवली आहे.